खारा वारा आणि ई-सायकलचा कंट्रोलर

बॅकबेच्या काठावर वसलेल्या कफ परेडच्या मच्छीमार नगरात खारा वारा लोखंड किती झपाट्याने खातो, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. विजेवर चालणाऱ्या सायकलीचे दुखणे मात्र इतके उघडपणे दिसत नाही, कारण मोटरचा कंट्रोलर सीटखाली किंवा बॅटरीमागे ॲल्युमिनियमच्या डबीत बंद असतो, आणि सायकल अडली की सारा दोष या न दिसणाऱ्या भागावर ढकलला जातो. हा आरोप पुष्कळदा खोटा असतो.

बॅटरीतून येणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो, तर चाकाच्या हबमध्ये बसवलेल्या ब्रशविरहित मोटरला तो तीन वेटोळ्यांमध्ये पाळीपाळीने आणि दिशा बदलत मिळावा लागतो; ही वाटणी कंट्रोलर करतो. त्यासाठी त्यात मॉस्फेट नावाचे, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे अर्धवाहक स्विच असतात, प्रत्येक वेटोळ्याला, म्हणजे फेजला, एक वरचा आणि एक खालचा असे किमान सहा. चाकातील चुंबक नेमके कोठे आले आहेत हे तीन हॉल सेन्सर कळवतात, आणि ॲक्सिलेटर, ब्रेक व पेडल यांचे संकेतही याच डबीत येतात. हे संकेत सहसा अवघ्या पाच व्होल्टच्या आत वाहतात, आणि खाऱ्या ओलाव्याचा घाव नेमका येथे बसतो.

साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून आपोआप विरघळते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइडला तर त्याहून पुष्कळ कमी आर्द्रता पुरते. कुलाब्याच्या पावसाळ्यात हवा 75 टक्क्यांच्या खाली फारशी उतरत नाही, म्हणून उन्हाळ्यात कनेक्टरमध्ये साचलेले मीठ जूनमध्ये पावसाचा थेंब आत न जाताही ओले होते आणि दोन पिनांमध्ये वीज झिरपण्याची वाट तयार करते. ब्रेकचा संकेत बहुतेक सायकलींत असा जोडलेला असतो की ती तार निगेटिव्हला टेकली म्हणजे ब्रेक दाबला गेला, असे कंट्रोलर समजतो. तेथे झिरपणे वाढले की ब्रेकला कोणी हात न लावताही मोटर बंद राहते. ॲक्सिलेटरच्या कनेक्टरमध्ये पाच व्होल्टची तार संकेताच्या तारेशी अशीच जोडली गेली, तर चालू करतानाच ॲक्सिलेटर पिळलेला आहे असे कंट्रोलरला वाटते, आणि अनेक कंट्रोलर सुरक्षिततेसाठी अशा वेळी मोटरला वीज देत नाहीत. दोन्ही प्रसंगी कंट्रोलर शाबूत असतो. त्याला मिळणारी खबर खोटी असते.

म्हणून तपासणी बाहेरून आत जाते. 36 व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर 42 व्होल्ट दाखवते, पण हे माप भार नसताना घेतले तर फसवे ठरते. हिरवट थर चढलेल्या पिनेतून मल्टीमीटरपुरती वीज सहज जाते, मोटरला लागणारी जात नाही, आणि चढावर व्होल्टेज कोसळून कंट्रोलर स्वतःला बंद करतो. त्यानंतर ब्रेकचे कनेक्टर एकेक सोडवून पाहावेत; ब्रेकची साधी हँडले असलेल्या सायकलीत एवढ्यानेच मोटर चालू झाली, तर दोष तेथेच सापडला. ॲक्सिलेटरच्या संकेताच्या तारेवर सोडलेल्या स्थितीत एका व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते चारच्या घरात माप यावे. कंट्रोलर चालू ठेवून चाक हाताने हळूहळू फिरवले असता हॉलच्या प्रत्येक तारेवर शून्य आणि पाच व्होल्ट आलटून पालटून दिसले पाहिजेत. एखादी तार एकाच आकड्यावर अडून राहिली, तर मोटर थरथरते पण फिरत नाही.

एवढे सारे ठीक निघाले तरच मॉस्फेटकडे वळावे. बॅटरी काढून ठेवली, तरी कंट्रोलरमधील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार उरतो, तेव्हा तो उतरल्याची खात्री मल्टीमीटरने आधी करून घ्यावी. मग मोटरच्या तीन जाड तारा सोडवून, मल्टीमीटर डायोड-मोडवर ठेवून, लाल टोक बॅटरीच्या निगेटिव्ह तारेवर आणि काळे टोक पाळीपाळीने तिन्ही फेजवर लावले असता अर्ध्या व्होल्टच्या आसपास जवळजवळ सारखे आकडे यावेत. काळे टोक पॉझिटिव्हवर आणि लाल फेजवर लावूनही तसेच. कोठे शून्य आले, तर तो मॉस्फेट शॉर्ट झाला आहे. अशा कंट्रोलरला जोडलेले चाक बॅटरी नसतानाही अडखळत, जड फिरते, आणि फेजच्या तारा सोडवताच मोकळे होते. तरीही ते जडच राहिले, तर दुखणे मोटरमध्ये आहे.

जळालेला मॉस्फेट बदलणे हे अर्धेच काम होय. अ‍ॅक्सलमधून वायर बाहेर येते तेथे तिचे आवरण घासून दोन फेज एकमेकींना चिकटल्या असतील, किंवा मॉस्फेटची उष्णता डबीला देणारा स्क्रू ढिला झाला असेल, तर नवा सुटा भागही लवकरच जळतो. लॅमिंग्टन रोडच्या बाजारात सुटे भाग मिळतात. पण मिठाने पोखरलेल्या बोर्डावर सोल्डर धरत नाही, आणि अशा वेळी पूर्ण कंट्रोलर बदलणे अधिक शहाणपणाचे. बोर्ड वाचण्यासारखा असेल, तर तो केवळ वाळवून उपयोग नाही, कारण पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून, पूर्ण सुकल्यावरच बॅटरी जोडावी.

नव्या कंट्रोलरच्या तारांचे रंग जुन्या मोटरशी जुळतीलच असे नाही. तीन फेज आणि तीन हॉल यांच्या एकूण 36 जोडण्या संभवतात, त्यांपैकी तीन चाक सुरळीत पुढे फिरवतात आणि तीन सुरळीत उलटे. बाकीच्या जोडण्यांत मोटर गचके देत भरमसाट प्रवाह ओढते, म्हणून चाचणी चाक उचलून आणि ॲक्सिलेटर जेमतेम पिळूनच करावी. जास्त अँपियरचा कंट्रोलर बसवण्याचा मोह दुकानात हमखास होतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील सवलत 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनांपुरती आहे, त्यापुढे नोंदणी आणि परवाना लागतो. शिवाय वाढलेला प्रवाह सर्वांत आधी तापवतो ते बॅटरीचे तेच हिरवट पडलेले कनेक्टर.