रक्तशुद्धीकरणाच्या वाटा खुंटल्यावर

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त यंत्राद्वारे शुद्ध करणे म्हणजे डायालिसिस. हा उपचार साधारणतः आठवड्यातून तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास चालतो. मिनिटास सुमारे ३०० मिलिलिटर रक्त यंत्रात जावे लागते, आणि हाताची बारीक नीला एवढा प्रवाह देऊ शकत नाही. यंत्र सज्ज आहे, पण रक्त बाहेर आणण्यास वाट नाही, अशी बिकट अवस्था काही रुग्णांवर ओढवते.

१९६० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातावर कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसविली आणि दीर्घकालीन उपचार शक्य झाला. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो व सहकाऱ्यांनी मनगटाजवळ रोहिणी व नीला जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. हीच फिस्टुला. रोहिणीच्या जोरदार प्रवाहाने नीला काही आठवड्यांत फुगते व सुया टोचण्याजोगी होते. तिच्यावर बोट ठेवल्यास मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर जाणवते. ती थांबल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

फिस्टुला न साधल्यास कृत्रिम नळीचा ग्राफ्ट, नाहीतर मानेच्या नीलेत कॅथेटर. कॅथेटर तत्काळ उपयोगी पडतो खरा, परंतु त्यात जंतुसंसर्गाचा धोका सर्वाधिक असतो. शिवाय वारंवार घातल्याने छातीतील मोठ्या नीला अरुंद होतात. मग त्या बाजूस फिस्टुला केली तरी हात सुजतो.

दोन्ही बाजू अशा बंद झाल्यावर फुग्याने अरुंद नीला रुंदावून पाहतात. तेही न जमल्यास मांडीत ग्राफ्ट किंवा कॅथेटर घालतात. त्याहीपुढे, क्ष-किरणांच्या साहाय्याने पाठीकडून थेट अधोमहानीलेत, अथवा यकृतातून नळी नेता येते. यकृतातील नळी श्वासाबरोबर सरकण्याची भीती असते. ही कामे मोजक्याच केंद्रांत होतात. पोटाच्या डायालिसिसला तर रक्तवाहिनी लागतच नाही. पूर्वी पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या नसतील व घरी स्वच्छता राखता येत असेल, तर तो घरीच करता येतो. असा पर्याय सर्वांत शेवटी आठवावा, हे उलटेच म्हणावयाचे.

मूत्रपिंडाचा विकार बळावत असलेल्या व्यक्तीने रक्त तपासणीसाठी वा सलाइनसाठी शक्यतो तळहाताच्या मागील नीला पुढे करावी. मनगटापासून कोपरापर्यंतच्या नीला राखून ठेवाव्यात. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, घट्ट बांगड्या घालू नयेत. परिचारिकेस सांगण्याचा संकोच वाटत असल्यास, ही सूचना डॉक्टरांकडून केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहवून घ्यावी.