आरोग्याच्या हिशोबातील किरकोळ खर्च

नववर्षाच्या प्रारंभी किंवा गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर केलेल्या संकल्पांचे आयुष्य किती असते, हा घरोघरी थट्टेचा विषय आहे. १ जानेवारीस गोड पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करण्याचा निश्चय होतो आणि १४ जानेवारीस कोणीतरी आपुलकीने हातावर तिळगूळ ठेवतो. तो नाकारणे प्रशस्त वाटत नाही. संकल्प मोडतो आणि मग ‘आता मोडलाच आहे, तर पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणून उरलेले साडेअकरा महिने पूर्वीच्याच रीतीने व्यतीत होतात. वस्तुतः त्या एका तिळगुळाने आरोग्याची हानी झालेली नसते. हानी होते ती त्यानंतरच्या साडेअकरा महिन्यांत. या साध्या गोष्टीत आरोग्यविषयक वर्तनाचे एक महत्त्वाचे सूत्र दडलेले आहे.

सर्व काही, अथवा काहीच नाही

एक काल्पनिक, परंतु प्रत्येक कार्यालयात ज्याचा प्रत्यय येऊ शकेल असे उदाहरण घेऊ. हिशोब विभागात काम करणारे एक ५२ वर्षांचे गृहस्थ. नियमित तपासणीत त्यांच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे आढळून आले. स्वभाव काटेकोर. त्याच दिवशी त्यांनी चहा, साखर, भात, तळलेले पदार्थ आणि संध्याकाळचे फरसाण या सर्वांचा एकाच वेळी त्याग केला आणि पहाटे एक तास चालण्यास आरंभ केला. सात आठवडे हा नियम निर्दोषपणे पाळला गेला. आठव्या आठवड्यात भाचीच्या विवाहात पंगतीला आग्रह झाला आणि त्यांनी एक जिलेबी घेतली. नियम भंगला, या खंतीने दुसरी घेतली. त्याच आठवड्यात चहा परत आला, त्यामागून फरसाण आले. चालणे थांबले. येथवरची कथा परिचितच आहे. गंभीर भाग पुढचा. डॉक्टरांपुढे कोणत्या तोंडाने जावे, या संकोचापायी त्यांनी पुढील दोन वर्षे तपासणीच केली नाही.

जिलेबीची किंमत नगण्य होती. अपराधभावनेपोटी टाळलेल्या तपासणीची किंमत मात्र फार मोठी ठरू शकली असती.

या मनोव्यापाराचा मानसशास्त्रज्ञांनी पद्धतशीर अभ्यास केला आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेल्यांपैकी काहींना प्रथम मिल्कशेक दिला गेला आणि नंतर आइस्क्रीमची चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे खाण्याची मुभा देण्यात आली. एरवी आहारावर कडक निर्बंध न ठेवणाऱ्या व्यक्तींनी मिल्कशेकनंतर स्वाभाविकपणे कमी आइस्क्रीम खाल्ले. ज्या व्यक्ती एरवी स्वतःवर निर्बंध घालत असत, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर अधिक खाल्ले. आजचा दिवस वाया गेलाच आहे, ही भावना निर्माण होताच संयमाचा बांध फुटला. अॅलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हाच अनुभव मांडला. १९८५ साली जुडिथ गॉर्डन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी ‘घसरणे’ आणि ‘कोसळणे’ यांत भेद केला. एकदा पाय घसरला म्हणजे मनुष्य दरीत पडलाच असे नाही. परंतु ‘आपण मुळातच दुर्बळ आहोत’ असा अर्थ त्याने त्या घसरण्यातून काढला, तर पुढचे पतन सोपे होते.

चरकाचार्यांचा पाव हिस्सा

परिपूर्णतेचा आग्रह न धरता हळूहळू सुधारणा करण्याचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणे आणि मुळीच न खाणे ही दोन्ही टोके योगास प्रतिकूल मानली आहेत. भगवान बुद्धांचा मध्यम मार्ग तर सर्वपरिचित आहे. व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त विवेचन मात्र चरकसंहितेत सापडते.

सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात असे सांगितले आहे, की अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम सोडू नये. तिचा चतुर्थांश भाग कमी करावा, त्या जागी हितकर गोष्टीचा तेवढाच भाग आणावा, काही दिवस त्यावर स्थिरावावे आणि मग पुढचा चतुर्थांश घ्यावा. क्रमाने गेलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत आणि क्रमाने आलेले गुण ढळत नाहीत, असे त्यामागील कारणही तेथे दिले आहे. याच ग्रंथात विरुद्ध आहाराची चर्चा करताना, तो अल्प प्रमाणात घेतला असेल, सवयीचा असेल किंवा घेणारा तरुण, उत्तम पचनशक्तीचा व नियमित व्यायाम करणारा असेल, तर त्याचा दुष्परिणाम होत नाही, असाही निर्वाळा आहे. शरीर हे कठोर दंडाधिकारी नसून बरेचसे क्षमाशील आहे, हे प्राचीन वैद्यांनी जाणले होते.

दहा हजार पावलांचे गणित

आरोग्याविषयी जे आकडे आपण प्रमाण मानतो, त्यांपैकी काहींचा इतिहास मनोरंजक आहे. दररोज १०,००० पावले चाललेच पाहिजे, हा नियम आज सर्वतोमुखी झाला आहे. त्याचा उगम मात्र प्रयोगशाळेत झालेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमधील एका कंपनीने पावले मोजणारे एक उपकरण बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’. विक्रीसाठी योजलेले ते नाव कालांतराने आरोग्याचा दंडक बनले.

२०१९ साली अमेरिकेत आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. पावले वाढली तसे ते आणखी घटत गेले, परंतु सुमारे ७,५०० पावलांनंतर विशेष फरक दिसला नाही. अशा अभ्यासातून केवळ संबंध दिसतो, कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही ६,००० पावले चालून घरी परतलेल्या व्यक्तीने ‘आजही कमी पडलो’ म्हणून खिन्न होण्याचे कारण नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

अपूर्ण पालनातूनही मोठा लाभ होतो, याचा अधिक भक्कम पुरावा मधुमेह प्रतिबंधाच्या क्षेत्रात मिळतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत मधुमेहाचा धोका असलेल्या ३,२३४ व्यक्ती सहभागी होत्या. त्यांपैकी जीवनशैली सुधारण्यासाठी निवडलेल्या गटाला वजन ७ टक्क्यांनी घटविण्याचे व आठवड्यास १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिले होते. २४ आठवड्यांच्या अखेरीस वजनाचे उद्दिष्ट गाठणारे निम्मेच होते. असे असूनही त्या संपूर्ण गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. भारतात डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही चालणे व आहारातील माफक बदल यांमुळे हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना शंभरपैकी शंभर गुण मिळाले नाहीत, त्यांच्याही पदरात बरेच काही पडले.

एक दिवस चुकला तर

नवी सवय २१ दिवसांत जडते, असे सांगितले जाते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका अभ्यासात ९६ व्यक्तींच्या सवयींचे निरीक्षण करण्यात आले. सवय अंगवळणी पडण्यास लागणारा मध्यम कालावधी ६६ दिवस होता आणि व्यक्तीगणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष अधिक दिलासादायक आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय बाधा आली नाही. आवर्ती ठेवीचा एक हप्ता उशिरा भरला म्हणून कोणी शहाणा ठेवीदार खातेच बंद करीत नाही. तो पुढचा हप्ता भरतो. आरोग्याच्या बाबतीत मात्र पहिल्याच चुकलेल्या हप्त्याला खाते बंद करण्याची घाई केली जाते.

जेथे तडजोड नाही

या विवेचनाचा गैरअर्थ होऊ नये, म्हणून एक मर्यादारेषा स्पष्ट असणे आवश्यक आहे. सर्वच ‘छोट्या’ सवयी खरोखर छोट्या नसतात. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यास हृदयविकाराचा जो अतिरिक्त धोका संभवतो, तो दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या सुमारे निम्मा असतो. सिगारेटी वीसपट कमी, पण धोका केवळ निम्म्याने कमी. तंबाखू, मिश्री व गुटखा यांनाही हाच विवेक लागू करावा; ‘थोडीशी चालते’ हा युक्तिवाद तेथे टिकत नाही. धूम्रपान सोडताना चतुर्थांशाचा क्रमही तितकासा लाभत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के व्यक्ती चार आठवड्यांनंतर धूम्रपानापासून दूर होत्या. मद्याच्या बाबतीत पूर्णतः सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

डॉक्टरांनी दिलेली औषधे, वाहन चालविताना मद्यापासून कटाक्षाने दूर राहणे, रात्रीची पुरेशी झोप यांनाही ‘एखादे दिवशी चालेल’ हा न्याय लावता येत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी आपल्या सवलतीची मर्यादा स्वतः न ठरविता डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

मर्यादा आणि नोंद

प्रत्येक कार्यालयात किरकोळ खर्चासाठी थोडी रोकड वेगळी ठेवलेली असते. ती ठेवण्याचा अर्थ उधळपट्टीस मान्यता असा नाही. असे खर्च होणारच, हे गृहीत धरून त्यांना मर्यादा घालणे आणि त्यांची नोंद ठेवणे, एवढाच तिचा उद्देश असतो. लहानसहान सवयींनाही हीच पद्धत लागू करता येते.

चहाचेच उदाहरण पाहू. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन लहान चमचे साखर, म्हणजे एकूण आठ चमचे. सपाट चमच्यात सुमारे चार ग्रॅम साखर धरल्यास ही ३२ ग्रॅम झाली. वरून घातलेली व तत्सम साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ती ५ टक्क्यांखाली, म्हणजे साधारणपणे २५ ग्रॅमपर्यंत आणल्यास अधिक हितकर, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे. येथे चहा सोडण्याची प्रतिज्ञा करण्याऐवजी चरकाचार्यांचा चतुर्थांश उपयोगी पडतो. दोन चमच्यांचा पाव हिस्सा म्हणजे अर्धा चमचा. प्रथम दीड चमच्यावर यावे, जिभेला त्याची सवय झाली की एका चमच्यावर यावे. चार कप कायम ठेवूनही रोजची १६ ग्रॅम साखर वाचते. वर्षाअखेर ही बचत पावणेसहा किलोंहून अधिक होते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण ठेवीइतकीच येथेही खरी ठरते.

काही वेळा सवय सोडण्याची नव्हे, तर केवळ तिची वेळ बदलण्याची गरज असते. चहा-कॉफीतील टॅनिनमुळे अन्नातील लोहाचे शोषण कमी होते. म्हणून जेवणाच्या किमान एक तास आधी व एक तास नंतर ही पेये टाळावीत, असे हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सुचविले आहे. रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात, विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने, जेवणानंतरचा कप तासाभराने पुढे ढकलणे हा अल्प कष्टाचा आणि मोलाचा बदल आहे.

एका वेळी एकच सवय हाताळणे, हेही तितकेच महत्त्वाचे. अन्यथा ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी संकल्पांची गत होते. घरातील वडीलधाऱ्यांच्या पथ्यावर देखरेख ठेवणाऱ्यांनीही थोडे औदार्य दाखवावे. बर्फीचा एक तुकडा सर्वांसमक्ष, उजळ माथ्याने खाता आला, तर चार तुकडे चोरून खाण्याची वेळ येत नाही. लपविलेल्या खर्चाचा ताळमेळ कोणत्याच वहीत लागत नसतो.

पुन्हा ते गृहस्थ

आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांची कथा अशी संपू शकेल. दोन वर्षांनी पत्नीच्या आग्रहाखातर ते तपासणीस गेले. साखर थोडी वाढली होती, परंतु मधुमेहाची रेषा ओलांडलेली नव्हती. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी एक साधा प्रश्न विचारला, “आयुष्यभर निभावेल असे यांतले काय आहे?” विचारांती त्यांनी उत्तर दिले. तीन कप चहा, अर्ध्या चमच्याचा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणे. भात एकदाच. रविवारी संध्याकाळी मूठभर फरसाण. आणि दर सहा महिन्यांनी, काहीही झाले तरी, तपासणी.

हा नियम पहिल्या नियमाइतका तेजस्वी नाही. त्यात त्रुटी आहेत आणि त्या मान्य केलेल्या आहेत. परंतु पहिला नियम सात आठवडे टिकला, दुसरा पुढच्या जिलेबीनंतरही टिकेल. आरोग्याच्या ताळेबंदात एखादी निर्दोष नोंद महत्त्वाची नसते. वर्षानुवर्षे चालू राहिलेले खातेच अखेर उपयोगी पडते.