न भरणारी पायाची जखम : दुखणे वयाचे नव्हे, रक्तवाहिन्यांचे

घोट्यापाशी किरकोळ खरचटते, घरातील ज्येष्ठ त्यावर हळद किंवा मलम लावतात आणि महिने लोटले तरी जखम भरत नाही. 'वय झाले, वेळ लागणारच' अशी समजूत काढली जाते. ही समजूत घातक ठरू शकते. चार ते सहा आठवड्यांत न भरणारी जखम ही बहुधा रक्ताभिसरणातील बिघाडाची खूण असते.

कारणे कोणती?

पायांवरील जुनाट व्रणांत सर्वाधिक प्रमाण नीलांच्या विकाराचे आहे. पायांतील रक्त पोटरीच्या स्नायूंच्या आकुंचनाने वर ढकलले जाते आणि नीलांमधील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. वाढते वय, स्थूलता, तासन्‌तास उभे राहणे किंवा पूर्वी झालेली रक्ताची गुठळी यांमुळे झडपा निकामी होतात. रक्त साचते, पाय सुजतो, त्वचा काळवंडते आणि बहुधा घोट्याच्या आतील बाजूस व्रण होतो.

रोहिण्या अरुंद झाल्यास व्रण बोटांवर किंवा टाचेवर होतो. तो फार ठणकतो आणि पाऊल गार पडते. धूम्रपान हे त्याचे मोठे कारण. मधुमेहात संवेदना हरपल्याने तळव्याची जखम दुखतच नाही, म्हणून ती उशिरा लक्षात येते.

आधी निदान, मग पट्टी

नीलांच्या व्रणावर मुख्य उपचार म्हणजे पावलापासून गुडघ्यापर्यंत बांधलेली दाबपट्टी. मात्र रोहिणी अरुंद असताना ती घट्ट बांधल्यास पायाचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो. म्हणून घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर आधी तपासतात. ते ०.८ पेक्षा कमी असल्यास सावधगिरी बाळगावी लागते, ०.५ च्या खाली दाबपट्टी टाळतात.

सदोष नीलेवर लेसरसारखे उपचारही होतात. ब्रिटनमधील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाबपट्टीसोबत असे उपचार लवकर केलेल्यांचे व्रण भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता. उपचार लांबवलेल्यांत तो ८२ दिवस होता.

हे लक्षात ठेवा

जंतुसंसर्गाची लक्षणे नसतील तर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. बसताना पाय उंचावर ठेवावेत, रोज चालावे. जखम भरल्यावरही दाबमोजे वापरत राहावे, अन्यथा व्रण पुन्हा उद्भवतो. उपचारांनंतरही व्रण भरत नसेल किंवा त्याच्या कडा जाड होऊन वर आल्या असतील, तर कर्करोगाची शक्यता तपासण्यासाठी त्याचा तुकडा काढून तपासणे आवश्यक आहे.