अदोबो : शिरक्यात शिजणारे डुकराचे मांस

फिलिपाइन्सच्या खेड्यात घरचे डुक्कर कापले, की कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मांस टिकविण्याचा. हवा दमट, उष्मा बारमाही. शीतकपाट नसलेल्या घरांनी याचे उत्तर शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि मीठ यांत शोधले. त्यालाच आज अदोबो म्हणतात. नाव मात्र परके आहे. स्पॅनिश लोकांनी १५६५ पासून या बेटांवर वसाहती केल्या व मांस मुरविण्यास असलेला आपला शब्द या पदार्थास लावला. १६१३ साली छापलेल्या पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या धर्मोपदेशकाच्या तागालोग शब्दकोशात 'तद्देशीयांचा अदोबो' असा उल्लेख आहे. कृती तेथील लोकांची पूर्वीचीच, हे त्यावरून उघड होते.

शिरका गावातच होतो. माडाच्या पोयीतून ठिबकणारा रस, तेथील 'तुबा', मडक्यात ठेवला की त्यातील साखरेचे प्रथम मद्य होते आणि काही आठवड्यांत मद्याचे आम्ल बनते. उत्तरेकडील इलोकोस भागात हेच काम उसाच्या रसाकडून करून घेतात. गोव्यातील विंदालूची मांडणीही अशीच आहे. पोर्तुगीजांच्या द्राक्षमद्याच्या शिरक्याची जागा तेथे माडीच्या शिरक्याने घेतली.

एक किलो चरबीयुक्त मांसाचे दोन बोटे रुंदीचे तुकडे करावेत. त्यास अर्धा पेला शिरका, पाव पेला सोया सॉस, ठेचलेल्या लसणाचा एक गड्डा, चमचाभर अख्खे मिरे व तमालपत्राची दोन-तीन पाने लावून तासभर ठेवावे. मग दीड पेला पाणी घालून मातीच्या भांड्यात चढवावे. बिनकल्हईचे पितळ किंवा तांबे येथे वर्ज्य. आम्लाने ते कळकते व अन्न विषारी होते. पहिली उकळी येईपर्यंत ढवळू नये, अशी तेथील गृहिणींची सक्त ताकीद असते. उग्र वास जातो तो वाफेवाटे, तेव्हा झाकण उघडे ठेवणे हेच त्यातील मर्म. पुढे मंद आचेवर तास-सव्वा तास शिजवावे. मांस आतून गुलाबी राहता कामा नये, कारण अर्धकच्च्या मांसातून पट्टकृमी माणसाच्या पोटात शिरतो. शेवटी तुकडे त्यांच्याच चरबीत परतून आटलेला रस वर ओततात व भाताबरोबर खातात. सोया सॉस न घालता केवळ मिठावर केलेला पांढरा अदोबो अधिक जुन्या वळणाचा. बिकोल प्रांतात नारळाचे दूध घालतात. दुसऱ्या दिवशी चव अधिक खुलते, हे जाणकार आवर्जून सांगतात.

या मडक्याला २०१९ साली मोठा धक्का बसला. त्या वर्षी आफ्रिकन स्वाइन फीव्हर फिलिपाइन्समध्ये पोहोचला आणि परसातील डुकरांवर चार पैसे मिळविणारी अनेक कुटुंबे बुडाली. भारतातही २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात तो आढळला. माणसास हा रोग होत नाही. डुकरांत मात्र तो बहुधा प्राणघातक ठरतो. रोगाचे विषाणू कच्च्या व खारवलेल्या मांसात दीर्घकाळ जिवंत राहतात. डुकरांना खानावळीचे उष्टे-खरकटे घालण्याची तेथील जुनी रीत त्यामुळेच घातक ठरली. मांस धुतलेले पाणी, कातडीचे तुकडे व हाडे डुकरांच्या खाद्यात मुळीच जाऊ देऊ नयेत. ती गोठ्यापासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाहीत इतकी खोल पुरावीत, आणि मांस हाताळणाऱ्याने हातपाय धुऊन, कपडे बदलूनच गोठ्यात पाऊल टाकावे.