भाताच्या पानातली गोळी

आषाढ लागला की महाड-पोलादपूरच्या खाचरांत लावणीची घाई उडते. घरात एखाद्या आजीच्या उशाशी मात्र ॲस्पिरिनची इवलीशी गोळी असते, रक्त पातळ ठेवणारी, ७५ मिलिग्रॅमची. ती पाण्यात विरघळवून भाताच्या रोपाला घातली, तर रोप जोमाने वाढेल?

गंमत अशी, की या औषधाशी भाताचं जुनं नातं आहे! पाण्यात ठेवलेलं ॲस्पिरिन हळूहळू फुटतं आणि त्यातून सॅलिसिलिक आम्ल सुटतं. नेमकं हेच आम्ल भाताचं रोप स्वतः तयार करतं. आणि किती? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तोवर तपासलेल्या सगळ्या वनस्पतींमध्ये भाताच्या रोपांनी पहिला नंबर पटकावला: एका ग्रॅममागे ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत. हिशेब करून पाहा. अशा दोन किलो हिरव्या पात्यांत आजीच्या गोळीतल्या ॲस्पिरिनच्या जवळपास वजनाइतकं सॅलिसिलिक आम्ल निघेल!

पण झाडाला ना डोकं दुखायला, ना रक्त गोठायला. मग हा खटाटोप कशासाठी?

१९७९ साली इंग्लंडमध्ये आर. एफ. व्हाइट या संशोधकांनी तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिनचं द्रावण टोचलं, आणि पानांवर विषाणूचे डाग कमी पडले. औषधाने विषाणू मारला नव्हता. त्याने झाडालाच सावध केलं होतं. एका पानात रोग शिरला, की तिथे सॅलिसिलिक आम्ल साठतं, इशारा झाडभर पोचतो आणि लांबची, अजून निरोगी असलेली पानंही संरक्षक प्रथिनं बनवू लागतात. इतकंच नाही, या आम्लाचा काही भाग बाष्पशील रूपात बदलून हवेत उडतो. सांधेदुखीच्या मलमाला येतो ना, तोच तो उग्र वास! तंबाखूच्या प्रयोगांत शेजारची निरोगी झाडं या वासानेच सावध झाली.

भाताची तऱ्हा तर आणखी न्यारी. करपा रोग पडला तरी त्याच्या पानातलं हे आम्ल फारसं वाढत नाही; ते आधीच भरपूर असतं. पाऊस पडायच्या आत कोकणातलं घर आगोट भरून ठेवतं, तशी भाताची तयारी संकटाआधीच झालेली असते. १९९५च्या त्याच अभ्यासात भाताचे २८ वाण तपासले, तेव्हा पानांत हे आम्ल जास्त असलेले वाण सर्वसाधारणपणे करप्याला अधिक चांगलं तोंड देत होते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. गोळीचं पाणी हे खत नव्हे, तो धोक्याचा इशारा आहे. इशारा मिळाला की झाड आपली साखर वाढीवरून काढून बचावावर खर्च करतं. म्हणून अगदी थोड्या मात्रेने काही पिकं खारेपणा किंवा पाण्याचा ताण जास्त सोसतात. मात्रा वाढली की बी रुजायला अडखळतं, मुळं खुरटतात.

आणि तापाची पॅरासिटामॉल? ती झाडाला सर्वस्वी परकी. तरी मोहरीवरच्या प्रयोगांत मुळांनी ती शोषली, आणि पेशींनी तिला साखरेसारख्या रेणूंशी जोडून निष्प्रभ केलं. आपलं यकृत या गोळीचा निकाल लावतं, तो बराचसा याच रीतीने!

खात्री करायची असेल, तर दोन वाट्यांत ओल्या फडक्यावर भाताचे सारखेच दाणे ठेवा. एकीला साधं पाणी, दुसरीला लिटरभर पाण्यात ॲस्पिरिनची एक गोळी विरघळवून केलेलं पाणी. मग मुळं मोजा, आणि पुढच्या वेळी गोळीचा चतकोरच घ्या. किती थोड्या औषधाने झाडाचा बेत बदलतो, हे मुळांची लांबीच सांगेल.