रिपोर्टवरचं ‘निल’

‘फोडणीचा वास येतो का तुम्हाला?’

मूल होत नाही म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टरांनी हे विचारलं, तर तो आधी बायकोकडे बघेल. हातात वीर्यतपासणीचा रिपोर्ट, काउंटच्या रकान्यात ‘निल’. त्याचा फोडणीशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो जन्माच्याही आधीचा आहे. मुलाला वयात आणण्याचा हुकूम मेंदूतल्या ज्या पेशी सोडतात, त्या मुळात मेंदूच्या नसतातच. गर्भात त्या नाकाच्या जागी जन्मतात आणि वासाच्या मज्जातंतूंचा माग धरत मेंदूपर्यंत चालत जातात! ही वाट नीट बनली नाही, तर वासही हुकतो आणि वृषणांना जाणारा हुकूमही. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. यातलं वृषण बहुधा बिघडलेलं नसतं, हुकमाची वाट बघत बसलेलं असतं. संप्रेरकांची इंजेक्शनं सुरू केली की पुष्कळांमध्ये शुक्राणू दिसू लागतात. मात्र घाई चालत नाही. एक शुक्राणू घडायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, आणि इथे तर कारखाना नव्याने उघडायचा असतो. कधीकधी वर्ष, दोन वर्षं जातात.

(इथे ‘पौरुष वाढवायला’ नुसतं टेस्टोस्टेरॉन टोचणं म्हणजे उलटा कारभार. बाहेरून ते आलं की मेंदू वृषणांना हुकूम देणंच थांबवतो. जिममध्ये मिळणाऱ्या इंजेक्शनांनी चांगला चालू असलेला काउंट शून्यावर येतो, तो असा.)

शंभरातल्या सुमारे एका पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतात. पण त्या एका ‘निल’मागे किती वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात! म्हणून तपासणी पुन्हा करतात, नमुना यंत्रात गरगर फिरवून तळाचा साका बघतात. कधी तिथे दोन-चार सापडतातही. मग येते एक माळ. आंद्रेआ प्राडर या स्विस डॉक्टरने १९६६ साली मांडलेली, १ ते २५ मिलिलिटर मापाच्या अंडाकृती मण्यांची. एका हातात मणी, दुसऱ्या हाताची बोटं वृषणावर. वृषणाचा बहुतेक ऐवज म्हणजे शुक्राणू बनवणाऱ्या केसासारख्या नळ्याच, त्यामुळे आकार हीच कारखान्याची खबर.

आकार भरलेला आणि तरी निल? म्हणजे माल तयार आहे, रस्ता बंद आहे. आता बोटं वीर्यवाहिनी शोधतात. ती ताणलेल्या सुतळीसारखी लागते. काहींच्यात ती दोन्ही बाजूंना जन्मतःच नसते. अशा वेळी वीर्य थोडं, आंबट आणि बिनसाखरेचं असतं, कारण त्यात फ्रुक्टोज मिसळणाऱ्या पिशव्याही बहुधा वाहिनीबरोबरच बनायच्या राहिलेल्या असतात. ज्या जनुकातल्या दोषाने सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो, त्याच जनुकातले बदल इथेही सापडतात. म्हणून सुईने शुक्राणू काढून घेण्याआधी बायकोचंही ते जनुक तपासतात; दोघांकडे दोष असला तर बाळाला आजाराचा धोका. बायकोच्या तपासण्यांचं बाड घेऊन वर्षानुवर्षं फिरल्यावर नवऱ्याचा पहिला रिपोर्ट काढणाऱ्या आपल्या समाजात, तिची तपासणी नवऱ्यामुळे व्हावी, हेही नवलच. ‘वांझ’ हा शब्द आपण बाईसाठीच राखून ठेवला, आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पुरुषाकडेही काही ना काही कारण असतं.

आकार लहान आणि रक्तात एफएसएच, म्हणजे वृषणांपर्यंत हुकूम पोचवणारं संप्रेरक, भरपूर, तर गोष्ट अवघड. मेंदू ओरडतोय, कारखाना ऐकत नाही. कुणाकडे एक एक्स गुणसूत्र जास्तीचं, कुणाच्या वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला. नेमका कोणता तुकडा, यावर पुढचं ठरतं: एझेडएफ-ए हा भाग पुरता गेला असेल तर शुक्राणू सापडत नाहीत, शस्त्रक्रिया करूच नये, एझेडएफ-सी गेला असेल तर शोधायला जागा आहे.

हा शोध म्हणजे मायक्रो-टेसे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या पीटर श्लेगेल यांनी ही पद्धत आणली. वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या एकेक करून न्याहाळायच्या. रिकाम्या नळ्या बारीक. त्यांत एखादी फुगीर, दुधाळ दिसली तर तीच उचलायची. साऱ्या वाळवंटात एवढीशी ओल असू शकते, आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांमध्ये ती सापडतेही.

उचललेला कण प्रयोगशाळेत जातो आणि तिथे तासन्‌तास थेंबामागून थेंब बघितला जातो. एरवी एका वेळच्या वीर्यात ३ कोटी ९० लाख ही शुक्राणूंची खालची मर्यादा मानतात. इथे बीजागणिक एक पुरतो, कारण १९९२ साली ब्रसेल्सच्या गटाने एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून बाळं जन्मल्याचं जाहीर केलं. डोळे शोधत असतात ती किंचित हलणारी शेपटी. ती दिसली की सगळी खोली सुटकेचा श्वास टाकते. आणि मग बीजात सोडण्यापूर्वी काचेच्या सुईने पहिलं काम करतात, ते म्हणजे त्या शेपटीवर दाब देऊन तिची हालचाल थांबवणं.