गोगलगायींचा बंदोबस्त

पावसाळा सुरू झाला, की परसात लावलेली भोपळ्याची, झेंडूची कोवळी रोपे एका रात्रीत नाहीशी होतात. मातीवर उरतो चकाकणारा चिकट माग. बहुतेक वेळा हा उद्योग आफ्रिकन गोगलगायीचा असतो. शंकूसारखा निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा, बोटभर लांबीचा शंख ही तिची ओळख.

ही मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली विल्यम बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कोलकात्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या. भारतातील तिचा प्रसार तेथून सुरू झाला.

ती इतकी वाढते कशी? प्रत्येक गोगलगायीत नर व मादी दोन्हींची इंद्रिये असतात. त्यामुळे कोणत्याही दोन प्रौढ गोगलगायींची जोडी जमू शकते. एका खेपेस शंभराहून अधिक अंडी मातीत घातली जातात. मात्र तिच्या ओल्या अंगातून पाणी सतत उडून जाते. म्हणून ती दिवसा ओलसर आडोशाला दडते आणि रात्री बाहेर पडते. तिची ही गरजच आपल्या उपयोगी पडते.

संध्याकाळी वाफ्याशेजारी ओले गोणपाट पसरून त्याखाली पपईची पाने ठेवावीत. सकाळी तेथे जमलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलून मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात व नंतर वाफ्यापासून दूर पुराव्यात. वाफ्यातच मीठ टाकले तर जमीन बिघडते. गोगलगायीच्या शरीरात मेंदूला इजा करणारे कृमी असू शकतात. त्यामुळे तिला उघड्या हाताने शिवू नये, भाज्या नीट धुवाव्यात.

मग तिचा एखादा शत्रूच का आणू नये? हा प्रयोग होऊन गेला आहे. ताहितीजवळच्या मोऑरेआ बेटावर १९७७ साली फ्लॉरिडातील एक मांसाहारी गोगलगाय याच कामासाठी सोडली गेली. तिने पार्टुला या चिमुकल्या स्थानिक गोगलगायींचाच फडशा पाडला. सुमारे दहा वर्षांत बेटावरील रानात त्या उरल्या नाहीत. काही जाती प्राणिसंग्रहालयांत सांभाळल्यामुळेच वाचल्या. आपल्या परसातही लहान, निरुपद्रवी देशी गोगलगायी असतात. त्या ओळखून सोडून द्याव्यात.

विद्यार्थ्यांनी रोज सापडलेल्या गोगलगायी मोजून आलेख काढावा. शेजारी त्या दिवसाचा पाऊसही नोंदवावा. आकडा उतरला तर गोगलगायी खरोखर कमी झाल्या, की उघडीप पडल्याने नुसत्या दडून बसल्या, हे त्याशिवाय कसे कळणार?